आठ रुपयांचे ऋण : नामदार गोखले यांचे इंग्रजी विद्यार्जन

परीक्षांचे निकाल लागले, की आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी दोन प्रकारचे चित्र दिसते. काही घरांतून पेढे वाटले जातात, तर काही घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी गुणपत्रिका पुस्तकात दडवून कोपऱ्यात बसलेली आढळते. गुणपत्रिका दडवण्याचे कारण विचारले तर पुष्कळदा उत्तर एकच मिळते. इंग्रजीने घात केला. गणित येते, इतिहास पाठ असतो, परंतु इंग्रजीचे व्याकरण, त्यातील वाक्प्रचार आणि ठरलेल्या वेळेत उत्तरपत्रिका पुरी करण्याची हातोटी या तीन गोष्टी साधत नाहीत. मग पालकही निराश होऊन म्हणू लागतात, की ही भाषा आपल्यासारख्यांची नव्हे. ती ज्यांच्या घरी बोलली जाते त्यांनाच यावयाची. ही समजूत किती निराधार आहे हे दाखवण्यासाठी एका थोर पुरुषाचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. ते चरित्र म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे. थोर पुरुष कोणत्या ज्ञातीत जन्मास आला याला फारसे महत्त्व नाही; त्याच्या जीवनापासून जो शिकेल त्याचा तो आप्तच होय.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. वडील कृष्णराव हे उपजीविकेसाठी घाट चढून कोल्हापूर संस्थानाच्या परिसरात कागल येथे नोकरीस राहिले होते. घरात इंग्रजीचा गंध असण्याचे काही कारण नव्हते. कोकणातील मराठी, कागलकडील मराठी आणि देवघरातील संस्कृत स्तोत्रे एवढेच काय ते कानांवर पडणारे भाषाधन. पुढे ज्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाची वाखाणणी थेट विलायतेतील मुत्सद्द्यांनी केली, त्यांच्या भाषेचा पाया हा असा होता.

1879 साली कृष्णराव निवर्तले. त्या वेळी गोपाळराव अवघ्या तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव हेही अद्याप शिकतच होते. परंतु कुटुंबाचा भार अंगावर पडताच त्यांनी स्वतःचे शिक्षण थांबवले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. धाकट्या भावाने मात्र शिकावे असा त्यांचा निश्चय होता. म्हणून त्या पंधरा रुपयांतून आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास शिकत असलेल्या गोपाळास पाठवीत आणि उरलेल्या सात रुपयांत साऱ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. वाचकांनी या हिशेबाकडे क्षणभर लक्ष द्यावे. मिळकतीचा अर्ध्याहून मोठा वाटा एका मुलाच्या विद्येसाठी आणि लहान वाटा घरातील सर्व माणसांच्या पोटासाठी. गोपाळरावांनी इंग्रजीचा जो प्रत्येक शब्द कमावला त्यामागे हा हिशेब उभा होता, आणि तो त्यांच्या मनातून कधीही पुसला गेला नाही.

त्या काळच्या त्यांच्या राहणीविषयी एक गोष्ट सांगतात. एका मित्राने त्यांना नाटकास चलण्याचा आग्रह केला. मित्र आपल्याला घेऊन जात आहे अशा समजुतीने गोपाळराव गेले. परंतु पुढे त्या मित्राने तिकिटाचे पैसे मागितले. काही आण्यांचाच प्रश्न होता. पण आठ रुपयांत महिना काढणाऱ्या मुलाला तेवढेही जड होते. त्यांनी तक्रार न करता पैसे दिले आणि ती तूट भरून काढण्यासाठी दिव्याच्या तेलात बचत करून रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केला. दुसरी गोष्ट शाळेतील आहे. घरी करावयास दिलेली सर्व उदाहरणे अचूक आल्याबद्दल गुरुजींनी त्यांची पाठ थोपटली, तेव्हा हा मुलगा रडू लागला. कारण एका उदाहरणात त्याने दुसऱ्याचे साह्य घेतले होते आणि जे आपले नव्हे त्याची शाबासकी त्याला नको होती. या दोन्ही गोष्टी पुष्कळांना ठाऊक आहेत. एकीत काटकसर आहे व दुसरीत सचोटी, आणि पुढील सर्व आयुष्यात या दोन गुणांनीच त्यांच्या विद्येला आकार दिला.

त्या वेळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विश्वविद्यालय घेत असे, आणि तिच्यात इंग्रजी हा केवळ एक विषय नसून सर्व विषयांचे प्रवेशद्वार होते. इतिहास असो वा गणित, उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागत. मराठी मुलाच्या अडचणी त्या काळी ज्या होत्या त्याच बहुतांशी आजही आहेत. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येऊन उभे राहते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून जोडली जातात. इंग्रजीत त्यांचे काम करणारे शब्द नामाच्या आधी येतात, आणि कोणत्या क्रियापदाबरोबर कोणता शब्द शोभतो याला पुष्कळदा नियमच नसतो. नामापूर्वी येणारी ‘अ’ आणि ‘द’ ही जी लहानशी उपपदे आहेत, त्यांना तर मराठीत जोडच नाही. म्हणून ती कोठे घालावी व कोठे गाळावी हे मराठी कानाला उपजत कळत नाही. वाक्प्रचारांची गोष्ट याहून अवघड. शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ पाहिला तरी वाक्प्रचाराचा अर्थ लागत नाही. जसे ‘पोटात कावळे ओरडणे’ हे परक्या माणसाला कोशावरून उमगणार नाही. व्याकरणाचे नियम घोकून दोष टाळता येतील, पण भाषेची चाल अंगी बाणवण्यास दुसराच मार्ग हवा.

गोपाळरावांनी जो मार्ग धरला तो पाठांतराचा. स्मरणशक्ती त्यांना चांगली लाभली होती हे खरे. परंतु केवळ देणगी म्हणून तिचा उल्लेख करणे हा त्यांच्या श्रमांवर अन्याय होईल. सर वॉल्टर स्कॉट या कवीचे ‘रोकबी’ नावाचे दीर्घ काव्य त्यांनी मुखोद्गत केले होते. त्याविषयी असे सांगतात, की एका मित्राच्या हाती पुस्तक देऊन ते काव्य म्हणून दाखवावयास बसत आणि जितक्या चुका होतील तितके पैसे त्या मित्राने घ्यावेत असा करार करीत. ज्याला एकेक आणा मोजून खर्चावा लागतो त्या मुलाने चुकीवर दंड बसवून घ्यावा, यातच त्याची जिद्द दिसून येते. मिल्टनच्या महाकाव्यातील लांबच लांब उतारे आणि पुढे बर्क या वक्त्याच्या ग्रंथांतील पानेच्या पाने त्यांनी अशीच आत्मसात केली.

पाठांतर या शब्दाने आजच्या शिक्षणशास्त्रज्ञांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. अर्थ न समजता केलेली घोकंपट्टी परीक्षेच्या दिवसापुरती टिकते व दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर जाते. गोपाळरावांच्या तारुण्यात त्यांच्यावरही कित्येकांनी घोकीव विद्येचा आरोप केला होता. परंतु ज्याच्या घरात, गल्लीत आणि बाजारात इंग्रजी कानांवर पडत नाही, त्याने ती भाषा ऐकावी तरी कोठे? गोपाळरावांनी स्वतःच्या कंठातून ती स्वतःलाच ऐकवली. बर्कचे वाक्य शंभर वेळा उच्चारल्यावर उपपद कोठे यावयाचे, कोणत्या क्रियापदामागून कोणता शब्द चालतो, लांब वाक्याचा तोल कोठे सांभाळावयाचा, हे नियम न आठवताही जिभेला समजू लागले. वेदपाठी ब्राह्मणाने संथा घ्यावी किंवा वारकऱ्याने अभंग म्हणता म्हणता त्याचा अर्थ जीवनात उतरवावा, तशीच ही रीत होती. पाठांतर हे शिक्षणाचे शेवटचे टोक नव्हे. ते बी पेरण्याचे काम होय. पीक यावयाचे ते पुढील मशागतीने, आणि ती मशागत गोपाळरावांच्या वाट्याला कशी आली हे पुढे पाहू.

1881 साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. आता पुढे काय हा प्रश्न घरात उभा राहिला. गोपाळरावांना वाटत होते, की आपणही नोकरी धरावी व भावाचा भार हलका करावा. गोविंदरावांनी ते मानले नाही. आणि त्यांच्या पत्नीने दिराच्या कॉलेजच्या खर्चासाठी आपल्या अंगावरील मोजके दागिने मोडण्याची तयारी दाखवली. इतिहासाच्या ग्रंथांत या वहिनीविषयी फारसे काही सापडत नाही. परंतु ज्ञातीच्या सभेत पुरुषांच्या कर्तृत्वाचे पोवाडे गाताना, असे दागिने ज्यांनी मोडले त्या स्त्रियांची आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांतील पहिला पदवीधर अशाच एखाद्या पाटल्यांच्या जोडावर पदवीधर झाला, हे वडील मंडळींना निराळे सांगावयास नको.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, मग काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा क्रमाने त्यांचे उच्च शिक्षण झाले. एल्फिन्स्टनमध्ये त्या वेळी वर्डस्वर्थ हे प्राचार्य होते. सुप्रसिद्ध इंग्रज कवी वर्डस्वर्थ यांचे ते नातू. तेथे गोपाळरावांना दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बंधूंच्या आठ रुपयांवर वाढलेल्या या विद्यार्थ्याला ते वीस रुपये केवढे वाटले असतील याची कल्पनाच करावी. 1884 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. ते दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाले. सुवर्णपदके नाहीत, पहिला क्रमांक नाही. ज्या पालकांना पाल्याचा पहिला वर्ग हुकल्याने आकाश कोसळल्यासारखे वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पदवीनंतर अधिक पैसा देणारे मार्ग त्यांना मोकळे होते. त्यांनी कायद्याच्या अभ्यासास प्रारंभही केला होता. परंतु पुण्यास 1880 साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. चिपळूणकर, टिळक, आगरकर, आपटे अशा त्यागी पुरुषांच्या श्रमांनी ही शाळा नावारूपास आली होती. 1885 साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले आणि लवकरच गोपाळरावही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले. वीस वर्षे अल्प वेतनावर अध्यापन करण्याचे हे व्रत होते.

दुसऱ्याला शिकवू लागल्यावर आपले अज्ञान आपल्याला खरे दिसू लागते, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला येतो. गोपाळरावांनाही तो आला असला पाहिजे. साऊदी या लेखकाने लिहिलेले आरमारी सेनापती नेल्सन याचे चरित्र त्यांना वर्गात शिकवावयाचे होते. त्या पुस्तकात जहाजाची शिडे, डोलकाठ्या, दोर व सुकाणू यांसंबंधी शेकडो शब्द येतात. कोशातील अर्थ फळ्यावर लिहून देऊन पुढे जाणे सोपे होते. पुण्याच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता, मग कोण शंका घेणार? परंतु गोपाळरावांनी मुंबईच्या बंदरात जाऊन जहाजांसंबंधीचे हे शब्द प्रत्यक्ष समजावून घेतले आणि मग ते वर्गात उभे राहिले असे सांगतात. इंग्रजीतील पुष्कळसे वाक्प्रचार दर्यावर्दी लोकांच्या बोलण्यातून आलेले आहेत; वस्तू पाहिली, की वाक्प्रचाराची गाठ आपोआप सुटते. शब्द घोकणारा विद्यार्थी आता शब्दामागील पदार्थ शोधू लागला होता. मशागतीला प्रारंभ झाला तो येथे.

संस्थेस जी गरज पडेल तो विषय त्यांनी शिकवला. 1890 साली टिळक संस्थेतून बाहेर पडल्यावर गणिताचा भार त्यांच्याकडे आला. पुढे इतिहास व अर्थशास्त्रही आले. वर्गातील टिपणांवरून त्यांनी अंकगणिताचे पुस्तक तयार केले आणि ते दूरवरच्या शाळांतून चालले. या अंकगणिताचा त्यांच्या इंग्रजीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. त्यांच्या प्रौढ वयातील इंग्रजी वाक्याला जी मोजकी, आकड्यांनी तोललेली रेखीवता आली, ती या गणिताच्या सरावाविना आली नसती.

परंतु त्यांचे खरे गुरू म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादन 1887 च्या सुमारास गोपाळरावांकडे आले आणि 1888 पासून आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजूही ते सांभाळू लागले. रानडे त्यांच्यापुढे सरकारी अहवालांचे ढीग ठेवीत, एखाद्या प्रश्नावर अर्ज किंवा निवेदन लिहून आणावयास सांगत, आणि आणलेला मसुदा समाधानकारक नसेल तर पुन्हा लिहावयास लावीत. एखादा आकडा कोठून घेतला, अमुक विशेषण कशाच्या आधारावर घातले, विरुद्ध पक्ष याला काय उत्तर देईल, हे प्रश्न त्या घरात नित्याचे होते. ही परीक्षा तीन तासांत संपणारी नव्हती. सुमारे बारा-तेरा वर्षे, 1901 च्या जानेवारीत रानडे निवर्तले तोपर्यंत, ती चालू राहिली. बर्ककडून गोपाळराव वाक्य करावयास शिकले; वाक्य केव्हा करू नये हे त्यांना रानड्यांनी शिकवले.

या विद्येची पहिली मोठी कसोटी 1897 साली लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले. वयाची एकतीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. निवेदनाच्या तयारीत रानड्यांचे मार्गदर्शन व अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी यांचे साह्य त्यांना लाभले होते. परंतु उलटतपासणीच्या वेळी जवळ कोणी नसते. मातृभाषा नसलेल्या भाषेत, त्या भाषेच्या धन्यांसमोर, त्यांच्याच राज्यकारभारातील दोष आकडेवार दाखवावयाचे आणि प्रश्नांच्या भडिमारात एकही शब्द घसरू द्यावयाचा नाही, ही परीक्षा कोणत्याही विश्वविद्यालयाच्या परीक्षेहून कठीण होती. गोपाळराव तीत उत्तम प्रकारे उतरले.

आणि त्याच वर्षी त्यांच्यावर आयुष्यातील सर्वांत दारुण प्रसंग आला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोजिरांकरवी घरांची झडती घेतली जात होती. लोकांत प्रचंड क्षोभ उसळला होता. विलायतेत असलेल्या गोपाळरावांकडे पुण्याहून जी पत्रे आली त्यांत सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या हकीगती होत्या. पत्रे लिहिणारी माणसे विश्वासातील असल्याने त्यांनी त्या हकीगती तिकडील वृत्तपत्रात प्रसिद्ध केल्या. मोठी खळबळ उडाली. स्वदेशी परतल्यावर मात्र त्या आरोपांना न्यायालयात टिकेल असा पुरावा त्यांना मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून त्यांस संकटात लोटणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि सिद्ध करता न येणारा आरोप कायम ठेवणेही त्यांना मान्य नव्हते. अखेर त्यांनी जाहीरपणे, कोणतीही अट न घालता, माफी मागितली.

या माफीमुळे त्यांच्यावर टीकेचा जो वर्षाव झाला त्याचे वर्णन करणे कठीण आहे. मित्र दुरावले, सभांतून त्यांच्या नावाला विरोध होऊ लागला, भित्रेपणाचा शिक्का बसला. त्यांनी माफी मागावयास हवी होती की नव्हती याविषयी विचारवंतांत आजही दुमत आहे, आणि पुणेकरांनी सोसलेला छळ काही त्या माफीने खोटा ठरत नाही. आपल्या विषयापुरते पाहावयाचे तर एवढेच दिसते, की शाळेत दुसऱ्याच्या साह्याने सोडवलेल्या उदाहरणाची शाबासकी नाकारून रडणारा तो मुलगा येथे पुन्हा दिसतो. जे आपण स्वतः पडताळून पाहिले नाही ते आपल्या शब्दांत मांडले, ही चूक त्यांच्या जिव्हारी लागली. त्यानंतर त्यांच्या भाषणांत आधाराविना एक आकडा आला नाही. पाठांतराने त्यांना शब्द दिले होते. या प्रसंगाने शब्दाची किंमत शिकवली.

26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, ते या सर्व तपश्चर्येचे फळ होते. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते. सरकारच्या तिजोरीतील शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीची खूण नसून तिच्यावर गरजेपेक्षा अधिक कर लादल्याची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. गरिबाच्या मिठावरील कर उतरवावा अशी मागणी केली. दुष्काळांनी गांजलेल्या रयतेची बाजू इतक्या शांत आणि इतक्या बिनतोड इंग्रजीत त्या सभागृहात क्वचितच मांडली गेली असेल. मिठावरील कर 1903 पासून टप्प्याटप्प्याने उतरत गेला. तो एकट्या गोखल्यांच्या भाषणाने उतरला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सातत्याने केलेल्या त्या मागणीचा त्यात वाटा होता हे निश्चित. कोल्हापुरातील रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलेली भाषा अखेर खेड्यातील चुलीपर्यंत पोचली ती अशी.

त्यांच्या इंग्रजीची एवढी स्तुती केल्यावर एक इशारा देणे आवश्यक आहे. या भाषेच्या प्रभुत्वाने त्यांना मायबोलीचा विसर पडला नाही. 1912 साली ते दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची स्थिती पाहण्यास गेले, तेव्हा गांधीजी त्यांच्यासमवेत होते. एका सभेत कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदू श्रोते असल्याने, गोखल्यांनी मराठीत बोलावे व आपण त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करू, असे गांधीजींनी सुचवले. गांधीजींच्या मराठीच्या ज्ञानावर गोखल्यांनी थोडा विनोद केला, पण सूचना मानली. आणि पुढेही त्या प्रवासात आपल्या माणसांपुढे ते मराठीत बोलत राहिले. कर्झनपुढे इंग्रजी आणि कोकणी श्रोत्यांपुढे मराठी, हा विवेक ज्याला साधला त्यालाच भाषा आली असे म्हणावे. इंग्रजी चार शब्द येताच आईशी मराठी बोलावयास लाजणाऱ्या मुलांनी, आणि त्या लाजण्याचे कौतुक करणाऱ्या पालकांनी, या प्रसंगाचे मनन करावे.

आता त्या आठ रुपयांकडे पुन्हा वळू. 16 मार्च 1911 रोजी गोखल्यांनी वरिष्ठ कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. जेथे बरीच मुले आधीच शाळेत जात असतील तेथे स्थानिक संस्थांना सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांचे शिक्षण सक्तीचे करता यावे, आणि ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी घेऊ नये, अशी त्याची योजना होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी आपल्या संस्थानात सक्तीचे शिक्षण त्यापूर्वीच सुरू केले होते. मग ब्रिटिश मुलुखात ते अशक्य का असावे, असा गोखल्यांचा सवाल होता. बिलाची मागणी अतिशय माफक होती. तरीही सरकारी सभासद विरोधात गेले, जमीनदारांपैकी कित्येक विरोधात गेले, आणि मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी ते फेटाळले गेले. आपण हरणार हे गोखल्यांना आधीपासूनच दिसत होते. तरी त्यांनी देशभर मते मागवली, आक्षेपांना एकेक करून उत्तरे दिली, आणि पराभवाची लाज न बाळगता पुढील पिढीसाठी पायरी म्हणून तो पराभव पत्करला.

हे बिल इंग्रजी शिक्षणाचे नव्हते. खेड्यातील मुलाला आपल्या भाषेत लिहिता-वाचता यावे एवढाच त्याचा हेतू होता. इंग्रजीत जे काही कमावले ते सर्व त्यांनी या एका मागणीच्या पाठीशी उभे केले. स्वतः दहा-पंधरा रुपयांच्या घरातून वर आलेला माणूस दहा रुपयांच्या मर्यादेचा नियम लिहीत होता. गोविंदरावांसारखा भाऊ आणि दागिने मोडणारी वहिनी प्रत्येक मुलाच्या नशिबी नसते. ज्याच्या नशिबी ती नाही त्यानेही शिकावे, हाच त्या कलमाचा अर्थ होता. भावाचे आठ रुपये भावाला परत करून फिटणारे नव्हते. ते ऋण गोपाळरावांनी असे फेडावयास घेतले.

अखेरच्या वर्षांत सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या कमिशनवर ते सभासद होते. प्रकृती खालावत चालली होती, मधुमेहाने शरीर पोखरले होते, तरी कागद वाचणे, टिपणे काढणे, मसुदा पुन्हा लिहिणे चालूच होते. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला. ज्या भारत सेवक समाजाची स्थापना त्यांनी 1905 साली केली होती, त्याच समाजाच्या वास्तूत त्यांनी देह ठेवला.

आपल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे हे फार विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. एखादे चांगले इंग्रजी पुस्तक निवडून त्याचे एक पान रोज मोठ्याने म्हणावे. न समजलेल्या शब्दामागील वस्तू शोधावी. लिहिलेले उत्तर वडीलधाऱ्यास दाखवावे व पुन्हा लिहावयाचा कंटाळा करू नये. दुसऱ्याचे उत्तर आपले म्हणून मिरवू नये. गुण थोडे कमी पडले तर गुणपत्रिका दडवू नये. दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या मुलाचे हे चरित्र आपण आताच वाचले.

वडील मंडळींसाठी मात्र एक शब्द अधिक. पंधरांतील आठ रुपये देणारे गोविंदराव आपल्यातही आहेत, आणि ज्यांना तसा भाऊ नाही अशी मुलेही आपल्यात आहेत. ज्ञातीची शिष्यवृत्ती ही अशा मुलांची भावंडे होय. या स्मरणिकेची पाने मिटण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या पंधरांतील आपले आठ किती होतात, याचा हिशेब एकदा मनाशी करावा, एवढीच नम्र विनंती.